मेंढीकोटातली दुर्री

बडनेऱ्याहून अकोल्याकडे गाडी निघाली की चौघांच्या गुडघ्यांवर रुमाल ताणला जातो, आणि मूर्तिजापूर यायच्या आत एखादं भांडणही होतं. ते एक्क्यावरून क्वचितच असतं. "काऊन गा, दुर्री होती तं दहिला काऊन फेकला?" प्रश्न रागाचा असला तरी शास्त्रशुद्ध आहे.

मेंढीकोटात ५२ पानं, दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पानं. चार दहिले म्हणजे चार मेंढ्या. तीन ज्यांच्याकडे त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारी जोडी जिंकते. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकावा लागतो. दुर्रीला किंमत येते ती या सक्तीमुळे.

पहिलं काम राखणीचं. बदामाचा दहिला एकटाच असेल आणि समोरच्याने बदामाचा एक्का उतरला, तर मेंढी गेलीच. सोबत दुर्री असेल तर एक फेरी निभावते, तिर्रीही असेल तर दोन. भिडूचा एक्का पडेपर्यंत दहिला दडवायचा तो या दोघींच्या आड.

दुसरं काम रंग संपवण्याचं, आणि माझ्या मते हेच मोठं. वाटपातच एखादा ठरावीक रंग अजिबात न येण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के, पण त्याचं एकच पान येण्याची सुमारे ८ टक्के. म्हणजे रिकामा रंग वाटपातून क्वचितच मिळतो, तो करावा लागतो. ते एकटं पान राजा असेल तर खर्चताना जीव जातो. दुर्री असेल तर उतारी करून मोकळं व्हावं, पुढच्या फेरीला कापायला तयार.

कापतानाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. हुकमाबाहेरच्या एक्क्याला हुकमाची तेराही पानं मारू शकतात. हुकमाच्या दुर्रीला फक्त बारा. म्हणजे कापायची संधी मिळाल्यावर ती एक्क्यापेक्षा एका पानाने वरचढच. (एक्का जपून ठेवणाऱ्यांना हे पटत नाही.)

मात्र बसण्याची जागा महत्त्वाची. कट हुकमात, म्हणजे ज्या रंगाने पहिल्यांदा कापलं तोच हुकूम ठरतो त्या प्रकारात, चौथ्याने दुर्रीने कापलं तर हात नक्की आणि मोठी पानंही शिल्लक. दुसऱ्याने तेच केलं आणि तिसऱ्याकडेही उतारीचा रंग नसला, तर तो तिर्रीनेही हात नेतो, हुकूम मात्र आपणच ठरवलेला. त्यातून त्या रंगाची आपल्याकडे दुर्री एवढीच असेल तर भिडू अकोल्यापर्यंत बोलत नाही.

शेवटची अवस्था विरळा. मेंढ्या दोन-दोन, हात सहा-सहा, हुकूम संपलेला. उतारी आपली आणि हातात किलवरची दुर्री. बाकीची बारा किलवर पडून गेलेली असतील, तर तिला मारणारं पान कुणाकडेच नाही.