तळे परिसरातील बांधकामद्रव्ये

रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) तळे व लगतचा किनारा येथील जुन्या बांधकामांत काळा पाषाण (बेसाल्ट), जांभा व चुना ही मुख्य द्रव्ये होत. तळगडाचा डोंगर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्टाचा असून त्यावर खोदीव टाकी आहेत. टाकी खोदताना निघालेला दगड तटास वापरल्याने वाहतूक वाचे. जवळची कुडे येथील बौद्ध लेणीही याच खडकात कोरलेली आहेत.

जांभा खाणीतून काढताना मऊ असल्याने सहज तासता येतो व हवेत कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून ओलसर जागी जोत्यास काळा पाषाण घेणे हितावह असते.

कठीण दगडच टिकतो, ही समजूत मात्र समुद्रात अपुरी पडते. मुरूडजवळील पद्मदुर्गाच्या (सतरावे शतक) तटाचा दगड झिजून आत गेला आहे आणि सांध्यांतील चुना कंगोऱ्यांसारखा पुढे उरला आहे. खारे पाणी दगडात मुरून वाळते, तेव्हा मिठाचे स्फटिक वाढून त्याचे कण सुटतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे (प्रारंभ १६८०) मोठे चिरे चुन्याविना रचलेले आहेत. फटींत पाणी शिरून लाटेचा जोर मोडतो.

दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंट भरल्यास ओल दगडातच कोंडते व तो लवकर खचतो. म्हणून द्रव्याची निवड केवळ कठीणपणावरून न करता जागा, ओल व शेजारचे द्रव्य पाहून करावी लागते.