भिवंडी सापडेना!

शब्दावरून मजकूर शोधण्याची युक्ती संगणकाहून जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची तयार झाली. कोणता शब्द कुठे येतो, हे तीत पाहता येई. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे या तक्त्यांतील मजकुरालाही शब्दसूची जोडली गेली.

आता आपण 'भिवंडी' शोधू. नोंद असूनही कधी उत्तर येते शून्य! असे का व्हावे?

आधी शब्द कसा तुटतो ते पाहू. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये 'भिवंडी'ची सहा चिन्हे होतात. भ, व, ड ही अक्षरे. दोन वेलांट्या आणि अनुस्वार यांचा गट वेगळा. फक्त अक्षरे व अंक ओळखणारी आज्ञावली या शब्दाचे भ, व, ड असे तुकडे करते. एकाक्षरी तुकडे गाळण्याचा नियमही असला, तर सूचीत काहीच उरत नाही.

मग विभक्ती पाहू. 'भिवंडीत', 'भिवंडीला' हे यंत्राला निराळे शब्द वाटतात. शब्दाची सुरुवात जुळवली तर ते सापडतील. पण 'ठाणे' शोधून 'ठाण्यात' सापडणार नाही. तिथे सामान्यरूपाचे नियमच यंत्राला शिकवावे लागतात.

म्हणून शून्य उत्तरावरून 'नोंदच नाही' असा निष्कर्ष आपण काढू नये. सूचीत शब्द कोणत्या रूपात गेला, हे आधी विचारावे. पाठ्यपुस्तकाच्या एका पानाची शब्दसूची मुलांकडून करून घेतली, तर हा प्रश्न त्यांना आपणहून पडेल.