मालेगावचा पडदा आणि घरचा संगणक

मालेगावचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला दंगल आणि बॉम्बस्फोट आठवतात. ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ या दोन तारखांनी शहराची ओळख ठरवून टाकली. वर्तमानपत्रांची कात्रणं काढून बसलं तर या काळातल्या मालेगावात कर्फ्यू, अटका आणि बंदोबस्त याशिवाय काही घडलंच नाही, असं वाटावं. पण त्याच वर्षांत या शहरातले काही तरुण हिरवा कपडा ताणून त्यासमोर एका हडकुळ्या पोराला आडवं धरत होते आणि संगणकावर त्याला आकाशात उडवत होते. ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार होत होता.

मालेगावच्या सिनेमावर आजवर बरंच लिहिलं गेलं. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८चा. २०१२ साली तो थिएटरमध्येही लागला. अलीकडे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. पण बहुतेक लिखाणात ‘गरीब पोरांची जिद्द’ एवढाच सूर असतो. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या समाजाबद्दल कायम दुसऱ्यांनीच चित्रं काढली, त्याच्या हातात स्वतःचं चित्र काढण्याचं साधन पहिल्यांदा कधी आणि कसं आलं, याचा हा इतिहास आहे.

यंत्रमागाचं गाव

मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठावरचं हे गाव विणकरांचं. १८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन-अन्सारी विणकर इथे येऊन वसले. १९२१च्या खिलाफत आंदोलनात इथल्या लोकांनी इंग्रज सरकारशी टक्कर घेतली, काही जण फासावर गेले. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले. आठवडाभर खटखटाट, जुम्याला सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा, हा कामगारांचा शिरस्ता झाला.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला तसे गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लर निघाले. नासिर शेख हे असंच एक पार्लर चालवत. तिथूनच ते सिनेमा करण्याकडे वळले आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ आला. घोड्यांऐवजी डाकू सायकलीवर आले. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. कलाकार यंत्रमागावरचे कामगार आणि छोटे दुकानदार.

दोन व्हीसीआरचा काळ

संगणक येण्याआधी संकलन दोन व्हीसीआरवर होई. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग आला की दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, संपला की थांबवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण यात दोन मोठ्या अडचणी होत्या.

एक म्हणजे क्रम. सगळं ओळीनेच जोडावं लागे. दहाव्या मिनिटाला एखादा संवाद घालायचा राहिला, तर त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवा. दुसरी अडचण नकलेची. व्हीएचएसवर चित्राचा तपशील मुळातच कमी, आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांचा. नकलेची नक्कल केली की रंग पसरतात, चेहरे धुरकट होतात, आवाजातली खरखर वाढते. संकलित कॅसेट ही दुसरी पिढी. तिच्यावरून गिऱ्हाइकासाठी काढलेली तिसरी. जुन्या लग्नांच्या कॅसेटमध्ये नवरीचा लाल शालू लाल डागासारखा दिसतो, त्याचं कारण हेच.

आकड्यांनी काय बदललं

डिजिटल ध्वनी-चित्र म्हणजे शेवटी आकडेच. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं मोजमाप होतं. स्टिरिओ आवाजाच्या एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. चित्राची भूक याहून कितीतरी मोठी. मिनी डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलने संगणकात उतरवलेला एक तास सुमारे १३ गिगाबाइट खातो. २००० सालच्या आसपास घरच्या संगणकात हार्ड डिस्क असायची १० किंवा २० गिगाबाइटची. म्हणजे एक तासाचं चित्रण घेतलं की डिस्क भरत आली. त्यामुळे तुकडे घ्यायचे, कापायचे, तयार भाग टेपवर परत उतरवायचा आणि जागा मोकळी करायची, असं चाले.

तरीही फायदा मोठा होता. आकड्यांची नक्कल म्हणजे तेच आकडे. दहावी प्रतही पहिलीसारखीच. आणि क्रमाची गुलामी संपली. दहाव्या मिनिटाचा संवाद नंतर घाला, पुढचं आपोआप सरकतं. डीव्हीमध्ये सेकंदाच्या २५ चौकटींपैकी प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवलेली असते, म्हणून हवी तिथे कापता येते.

लोकांपर्यंत माल पोचला तो मात्र व्हीसीडीवर. १९९३ साली ठरलेल्या या प्रकारात साध्या सीडीवर ७४ मिनिटांचा सिनेमा बसायचा. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीएचएसच्याच आसपास. पण कॅसेट महाग, सीडी स्वस्त. दोन सीडींच्या पाकिटात अख्खा सिनेमा गावोगावी फिरू लागला. खानदेशी विनोदी सीडींचा बाजार यावरच उभा राहिला आणि पुढे हीच मंडळी यूट्यूबवर गेली.

हिरवा कपडा आणि मागाचा आवाज

सुपरमॅनला उडवायचं तंत्र म्हणजे क्रोमा. माणसाच्या कातडीत नसलेला रंग मागे धरायचा आणि संगणकाला सांगायचं, हा रंग दिसेल तिथे आकाश लाव. हे नीट जमायला कपड्यावर सगळीकडे सारखा उजेड हवा. शिवाय घरगुती डीव्ही कॅमेरा जागा वाचवण्यासाठी रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या चौथाईच ठेवतो. त्यामुळे केसांच्या कडेला हिरवी झालर राहते. मालेगावच्या सिनेमातली ती झालर पाहून लोक हसतात. मला तिथे उन्हात ताणलेला कपडा आणि एकेक शॉट तयार व्हायची वाट पाहणारा संगणक दिसतो. मध्येच लोडशेडिंग झालं तर तासभराचं काम पाण्यात.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड. ज्या शहरात रात्रंदिवस माग चालतात तिथे शांतता आणायची कुठून? २००० साली आलेल्या ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ करायची सोय आहे. नुसत्या गोंगाटाचा तुकडा त्याला दाखवायचा, मग तो सबंध ध्वनीतून तसला गोंगाट वजा करतो. पंख्याची घरघर यात छान निघते, कारण ती एकसारखी असते. मागाची खटखट एकसारखी नसते. प्रत्येक ठोका वेगळा आणि माणसाच्या बोलण्यात मिसळलेला. तो काढायला गेलात तर बोलणंही पाण्याखालून आल्यासारखं होतं. मी स्वतः अशी काही रेकॉर्डिंग्ज साफ करायला बसलो आणि शेवटी खटखट तशीच ठेवली. तीही त्या माणसाच्या आयुष्याचा भाग आहे.

शफीक आणि सुपरमॅन

सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करायचा. पडद्यावर तो तंबाखूच्या विरोधात लढला आणि २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. विणकरांच्या मोहल्ल्यातल्या किती माणसांची हालचाल, हसू आणि बोलण्याची ढब अशी टिकून आहे? १९२१च्या आंदोलनापायी फासावर गेलेल्यांचा आवाज आपल्याकडे नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं ते पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांतून, म्हणजे त्यांना फाशी देणाऱ्यांच्या शब्दांत. शफीक मात्र आपल्या बोलीत, आपल्या मित्रांनी लावलेल्या कॅमेऱ्यासमोर उभा आहे. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मला फार मोठा वाटतो.

आपल्या कपाटातली साधनं

हे फक्त मालेगावपुरतं नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा बराचसा इतिहास तोंडी आहे. दखनीतल्या ओव्या, उरुसातल्या कव्वाल्या, मुशायरे, इज्तेमातल्या तकरिरी, निकाहाच्या गाण्यांत आजीने म्हटलेले सोहळे. नव्वदच्या दशकात यातलं बरंच काही कॅसेटवर आलं. त्या कॅसेट आज घराघरांत बुरशी धरत पडल्यात. घरी जाळलेल्या सीडीही फार भरवशाच्या नाहीत. त्यातला रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने उडतो. व्हीसीआर दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षी कमी होताहेत.

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्यांच्या कॅसेट संगणकात उतरवतो. काम कंटाळवाणं आहे. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटं लागतातच. आधी ती दोन्ही बाजूंनी पुढे-मागे फिरवून सैल करायची. डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं. आवाज दबलेला येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहायचा, कान उघडल्यासारखा फरक पडतो. मूळ ध्वनी नेहमी डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ठेवायचा. एमपी३ फक्त पाठवण्यासाठी, कारण तो जागा वाचवताना काही आवाज कायमचे टाकून देतो. साफसफाई करायची ती प्रतीवर, मुळाला हात लावायचा नाही.

मुळाला हात न लावण्याचं आणखी एक कारण आहे. ज्या साधनाने सुपरमॅन उडतो, त्याच साधनाने एखाद्याचं अर्धं वाक्य कापून त्याच्या तोंडी भलताच अर्थ घालता येतो. वीस सेकंदांच्या क्लिपवरून गावात तणाव झाल्याची उदाहरणं वाचकांना सांगायला नकोत. अशा वेळी पूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग कुणाकडे तरी असणं हाच बचाव असतो. भाषण असो की सभा, ज्याच्याकडे अख्खी फाइल आहे त्याने ती तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून जपावी.

प्रती तीन हव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात किंवा दुसऱ्या गावी. आणि कॅसेट फेकू नका, उद्या आणखी चांगलं यंत्र मिळालं तर ती पुन्हा उतरवता येईल. आजी, चाचा हयात असतील तर त्यांना शेजारी बसवून ती ऐका. या आवाजात कोण बोलतंय, कुणाच्या शादीतलं गाणं आहे, हे सांगणारी माणसं कॅसेटपेक्षाही लवकर संपताहेत.