दिवाणखान्यातले शंभर कान : चंदगडच्या अंगानं मैफलीचा इतिहास

आजचा विषय ऐकणाऱ्यांचा आहे. आपल्याकडं संगीताचा इतिहास म्हटला की गायकांची नावं येतात, घराणी येतात, कुणी कुणाकडं किती वर्षं तालीम घेतली ते येतं. समोर बसलेल्या माणसांचं काय? दहा कोस चालून आलेला, रात्रभर जागलेला आणि सकाळी भैरवी ऐकून कामावर गेलेला जो श्रोता, त्याचं नाव कुठंच नसतं. इंग्रजीतला 'फॅन' हा शब्द त्याला लावला तर जुन्या मंडळींना आवडणार नाही, पण आम्ही आज तोच लावणार आहोत. आम्हाला तो त्याच जातीचा प्राणी वाटतो.

चंदगडच का, ते आधी सांगतो. हा तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एवढा एक चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. कागदावर जिल्हा बदलला. बाजाराची वाट मात्र तीच राहिली. इथून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिनोळी ओलांडली की आलंच. त्यामुळं इथल्या रसिकाचा एक कान कायम बेळगाव-धारवाडकडं आणि दुसरा कोल्हापूर-मिरजेकडं. खाली उतरलं की गोवा. गेल्या दीडशे वर्षांतल्या हिंदुस्थानी गाण्याचा नकाशा काढला तर चंदगड त्याच्या काठावर नाही, जवळपास मधोमध येतं. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी हे गाव तर पुढं साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. आणि याच तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई. त्यांची 'स्वामी' सगळ्यांनी वाचलेली असते, पण त्यांनी तानसेनावर नाटक लिहिलं हे पुष्कळांना आठवत नाही.

आता मैफल म्हणजे नेमकं काय होतं, ते डोळ्यांसमोर आणू या. वाड्याचा दिवाणखाना. सतरंजी, त्यावर पांढरी चादर, भिंतीला लोड-तक्के. पानाचं तबक फिरतंय. दोन तानपुरे जुळताहेत, आणि ते जुळायला लागणाऱ्या वेळेबद्दल कुणाचीच तक्रार नाही. माईक नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माणसाचा उघडा आवाज, त्यातली कुजबुजीसारखी बारीक जागा, किती लांब ऐकू जाईल? खोलीभर. म्हणजे श्रोत्यांची संख्या कुणी ठरवून कमी ठेवली होती असं नाही, ती गळ्यानं ठरवलेली होती. शंभर माणसं म्हणजे भरपूर झाली.

आणि या शंभर माणसांना काम असायचं बरं का. गायक जागा घेतो, समोरचा मान हलवतो. नेमक्या ठिकाणी 'क्या बात है' आलं की गायकाला कळतं, इथं माणूस बसलाय. चुकीच्या ठिकाणी आलं तरी कळतंच. समेवर सगळ्यांची मान एकदम खाली येते ना, ते बघून गायक पुढची फिरत ठरवतो. दाद देणारा तिथं गाण्याचा भागीदार असतो. हजार माणसांच्या सभागृहात दिव्यांचा झोत गायकावर आणि श्रोता अंधारात. तिथं टाळी राहते, दाद जाते.

कोल्हापूरचं उदाहरण घेऊ. १८८३ साली तिथं गायन समाज सुरू झाला, ज्याला आपण देवल क्लब म्हणतो. गाण्याच्या वेडानं एकत्र आलेल्या माणसांची ही संस्था. बारा वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणलं. खाँसाहेबांची हकीकत आपल्याला माहीत असेल. तरुणपणी आमलेटा संस्थानात रोजच्या रोज गाऊन त्यांचा आवाज गेला. तो परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्या नव्या आवाजाला झेपेल अशी, पेचदार, लयीला चिकटून चालणारी गायकी त्यांनी उभी केली. तेच आजचं जयपूर-अत्रौली घराणं.

आमचं इथं एक मत आहे. असलं गाणं पहिल्या ऐकण्यात पकडीत येत नाही. अनवट राग, जोडराग, तानेचं टोक कुठून कुठं गेलं याचा पत्ता नाही. ते उमजायला तोच माणूस, तीच खोली, पुन्हा पुन्हा लागते. कोल्हापुरात खाँसाहेब १९२२ पर्यंत, म्हणजे महाराज जाईपर्यंत राहिले. सत्तावीस वर्षं. एवढ्या काळात एक पिढी नुसती ऐकून तयार झाली. घराणं उस्तादानं जन्माला घातलं हे खरंच, पण ते जगलं ते पुन्हा पुन्हा येऊन बसणाऱ्यांमुळं. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिले आणि त्यांच्याकडं शिकायला धारवाडकडून मल्लिकार्जुन मन्सूर यायचे. वाट परत आपल्याच अंगानं जाते, बघा.

या पिढीतला सगळ्यात नामवंत फॅन म्हणजे गोविंदराव टेंबे. १८८१ मध्ये कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्म. पेटी वाजवायचे, पुढं नाटकांना चाली दिल्या, सिनेमात गेले. पण मूळचा माणूस श्रोता. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांच्यामागं ते ज्या निष्ठेनं फिरले, ती निष्ठा त्यांच्या लेखनातून आजही कळते. खाँसाहेबांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. त्या काळच्या मैफलींबद्दल आपण आज जे काही बोलतो, त्यातलं पुष्कळसं एका चाहत्यानं लिहून ठेवलं म्हणून बोलतो.

इथवर सगळं गोड वाटलं असेल. आता कडू भाग.

त्या दिवाणखान्याला दार होतं. आत कोण यायचं ते यजमान ठरवायचा. निमंत्रण लागायचं, ओळख लागायची, आणि ओळख कुणाची असते ते आपल्याला ठाऊक आहे. चंदगडच्या शिवारात भात लावणाऱ्या माणसाच्या गळ्यात कितीही सूर असो, बेळगावातल्या वकिलाच्या माडीवर त्याला बोलावणं यायचं नाही. फार तर जिन्याखाली चपलांशेजारी उभं राहून ऐकायचं. गाणारी बाई चालायची, घरातल्या बाईनं मात्र पडद्यामागं किंवा आतल्या खोलीत बसायचं. आणि गाणाऱ्या बाईचं तरी काय? केसरबाई, मोगूबाई या कलावंतांच्या घरातल्या. त्यांच्या गाण्यानं डोळे पुसणारी माणसं त्यांना सणावाराला पंक्तीत पाट मांडतील याची खात्री नव्हती.

विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांगतात ती याच संदर्भातली. कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकत होता. एका समारंभाला त्याला बोलावणं आलं, गुरूंना नाही. का, तर ते शेवटी गवईच ना. ते मनाला लागलं, असं म्हणतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. उत्तरेकडं गेले, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकिटाला आपण व्यापार म्हणून नाक मुरडतो. पण तिकिटात एक गंमत आहे, ते जात विचारत नाही. पैसे विचारतं, आणि तेही दारच आहे, मान्य. तरी हे दार ढकलून बघता येतं.

नाटकाच्या थेटरानं हेच केलं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांचे चाहते म्हणजे अक्षरशः दोन पंथ. केशवराव कोल्हापूरचे, त्यामुळं आमच्या बाजूचा पंथ कुठला ते सांगायला नको. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघांनी मिळून 'मानापमान' केलं. त्याचं संगीत टेंब्यांचं. दोन्ही पंथ एका छताखाली आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय अवघं एकतीस. त्यांचं नाव दिलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये बांधलेलं जुनं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

मग आली तबकडी. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी दुकानात वाजत होती, ती ऐकून गदगकडचा अकरा वर्षांचा भीमसेन घरातून पळाला, हे सर्वश्रुत आहे. आम्हाला यातलं एवढंच अधोरेखित करायचंय की तो मुलगा कुणाच्या दिवाणखान्यात नव्हता. रस्त्यावर उभा होता. तीन मिनिटांच्या तबकडीनं त्याला दाराबाहेर गाठलं. केसरबाईंना मात्र या यंत्राचा भरवसा नव्हता. रेडिओपासून त्या पुढं लांबच राहिल्या, तबकड्याही मोजक्या. ज्याला ऐकायचंय त्यानं समोर येऊन बसावं. आणि बघा, १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तीत भारतातून एकच गाणं गेलं, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर १ नं ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला बाई वारल्या.

आता जरा लांब जाऊ. तरुण श्रोते आम्हाला सांगतात, की सर, तुमची मैफल आणि आमचा छोट्या जागेतला रॉकचा कार्यक्रम यांत फरक काय? प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियात बर्कली नावाच्या गावी गिलमन स्ट्रीटवर एक क्लब आहे, ३१ डिसेंबर १९८६ ला सुरू झालेला. आत दारू नाही, सगळ्या वयाच्यांना प्रवेश, काम करणारे स्वयंसेवक आणि आत जायला सदस्यत्वाचं कार्ड. आमच्या देवल क्लबची आठवण झाली की नाही? तिथं पोरं पंक वाजवायची. पॉप-पंक म्हणजे तोच दणका, पण चाल गुणगुणता येईल अशी. मंच इतका बुटका आणि गर्दी इतकी जवळ की गाणाऱ्याच्या घामाचे थेंब समोरच्यावर. चाहते शब्द न् शब्द पाठ म्हणतात, समेवर मान टाकावी तसे सगळे एकदम उसळतात. ग्रीन डे ही मंडळी तिथंच वाढली. मग त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला, १९९४ मध्ये 'डूकी' नावाचा अल्बम आला आणि तो जगभर गेला. क्लबचा नियम असा होता, की मोठ्या कंपनीचा वाद्यवृंद इथं वाजवणार नाही. ज्या खोलीनं त्यांना घडवलं तिचं दार बंद झालं. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते परत तिथं वाजवू शकले.

त्या पोरांना आपल्या माणसांचा राग का आला असेल? आम्हाला तो राग ओळखीचा वाटतो. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुढं तिथं हजारोंनी माणसं बसू लागली. तेव्हा जुने श्रोते म्हणायचेच, की आता पूर्वीचं गाणं राहिलं नाही, आम्ही ऐकलंय ते वेगळं. त्या 'आम्ही'त प्रेम आहे आणि मालकीही आहे. शंभरातला एक असण्याचा मान हजारात वाटला गेला की दुखतं. निष्ठावंत चाहता हा थोडाफार दरवानही असतो, हे आम्हाला नाकारता येत नाही. दाराच्या आत बसलेल्यांना ते दार दिसत नसतं, एवढंच.

पण दार नसलेली मैफलही आपल्याच भागात आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासहून पुढं प्रवासात असताना रेल्वेच्या फलाटावर वारले. त्यांना आणून मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात ते स्वतः हजेरी लावायचे. आता त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथं गवई येऊन गातात, सेवा म्हणून. तिकीट नाही, निमंत्रण नाही. हमाल, शेतकरी, तंतुवाद्य करणारे सतारमेकर, प्राध्यापक, सगळे जमिनीवर. तिथला जाणकार कुठल्या कपड्यात बसलेला असेल सांगता येत नाही.

आणि दुसरी, त्याहून जवळची, गावची भजनाची बैठक. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागात देवळाच्या सभामंडपात पेटी, पखवाज, टाळ आणि वीस-पंचवीस माणसं. यांत कोण गातो आणि कोण ऐकतो हे वेगळं काढता येत नाही. एखादा म्हातारा वर्षानुवर्षं खांबाला टेकून त्याच जागी बसतो, टाळही वाजवत नाही, पण तो नसला की भजनी मंडळाला चुकल्यासारखं होतं. संगीताच्या इतिहासात या बैठकांना जागाच दिलेली नाही, आणि आमच्या मते ही मोठी चूक आहे. दिवाणखान्यातल्या दादीची भाषा कितीजणांनी याच सभामंडपात कानावर घेतली असेल!

म्हणून एक काम सांगतो, विशेषतः सीमेच्या अल्याड-पल्याडच्या मंडळींना. आपल्या गावात पेटी पहिल्यांदा कुणी आणली, पखवाजाला शाई लावायला कुठं जायचे, बेळगावच्या मैफलीला घरातलं कोण जायचं आणि कसं, सायकलनं की बैलगाडीनं, आणि देवळात कर्णा नेमका कुठल्या साली बसला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा. बायकांना आवर्जून विचारा, त्या आतल्या खोलीतून काय ऐकत होत्या. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढची माणसं आता थोडीच राहिलीत. चला, प्रश्न असतील तर घेऊ या.