नावात नांदणारी नाती

पोर्तुगीज भाषेत मुलाला ‘फिल्यो’, नातवाला ‘नेतो’ आणि पुतण्या-भाच्याला ‘सोब्रिन्यो’ म्हणतात. हे शब्द घरापुरते राहत नाहीत, माणसाच्या नावाच्या शेवटी जाऊन बसतात. वडिलांचेच नाव मुलाला ठेवले तर पुढे फिल्यो, आजोबांचे ठेवले तर नेतो, काका-मामांचे ठेवले तर सोब्रिन्यो. १९५४ साली ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालेले काफे फिल्यो यांचे नाव असेच. गंमत म्हणजे ‘नेतो’ आणि आपला ‘नातू’ हे दूरचे भाऊबंद आहेत. एकाचे कूळ लॅटिन ‘नेपोस’चे, दुसऱ्याचे संस्कृत ‘नप्तृ’चे.

घरातले नाव पुढच्या पिढीला ठेवण्याची रीत आपलीही. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला पडले. १६५७ मध्ये महाराजांना पुत्र झाला, त्याचे नाव संभाजी ठेवले. १६८२ मध्ये संभाजीराजांना पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजी. तेच पुढे शाहू महाराज. पोर्तुगीज हिशेबाने पहिले सोब्रिन्यो, दुसरे नेतो. आपण मात्र नात्याचा शब्द न लावता वडिलांचे नाव मध्ये घातले. शिवाजी शहाजी वेगळे, शिवाजी संभाजी वेगळे. घोटाळा मिटला, पण आई नावाबाहेर राहिली.

पूर्वी तसे नव्हते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा पैठणचा सातवाहन राजा गौतमीपुत्र म्हणूनच ओळखला जातो. आईचे नाव आणि नात्याचा शब्द, दोन्ही राजाच्या नावात. त्या मातेचा, गौतमी बलश्रीचा, लेख नाशिकच्या लेण्यात आजही वाचता येतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे संत नामदेवांचे गाव. त्यांचे वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. गोणाई, राजाई या नावांच्या पोटातच ‘आई’ आहे. औंढा नागनाथला नामदेवांना गुरू म्हणून भेटले ते विसोबा. त्यांच्या नावातल्या ‘बा’मध्ये बाप आहे. फिल्यो, नेतो हे शब्द कोण कुणाचा ते सांगतात. आपले ‘आई’ आणि ‘बा’ बोलणाऱ्याची माया सांगतात. म्हणूनच विठ्ठलाचाही विठोबा होतो आणि विठाईही होते.

पोर्तुगीज मुलाच्या नावात आईचे आडनाव वडिलांच्या आडनावाआधी येण्याची रीत आहे. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे आहे. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. बरोबर पंचवीस वर्षांनी हा नियम आला. ही मुले शाळेत जातील, तेव्हा नर्सीच्या हजेरीपटावर गोणाईचे नाव दामाशेटींच्या आधी लागेल.