गप्प बसणाऱ्या पक्षकाराला बोलतं कसं करायचं?

दिवाणी दाव्यात एका पक्षाने दुसऱ्याला लेखी प्रश्न पाठवले, कागदपत्रं मागितली, मुदत उलटून गेली आणि समोरचा गप्पच बसला, तर न्यायालयाने काय करावं? हा प्रश्न फार जुना आहे.

इंग्लंडमधली कॉमन लॉ न्यायालयं इथे हतबल होती. १८५१ पर्यंत बहुतेक दाव्यांत खुद्द पक्षकाराची साक्षच तिथे चालत नसे. म्हणून लोक चॅन्सरी न्यायालयाकडे धाव घेत. चॅन्सरी प्रतिवादीला शपथेवर उत्तर द्यायला लावी. नाही दिलं तर तो न्यायालयाचा अवमान, आणि त्यासाठी लंडनचा फ्लीट तुरुंग. पण गंमत बघा, माणूस तुरुंगात गेला म्हणून वादीला उत्तर मिळालं असं होत नाही!

१८५४ मध्ये लेखी प्रश्नांची सोय कॉमन लॉ न्यायालयांतही आली. १८७५ मध्ये दोन्ही व्यवस्था एक झाल्या. नव्या नियमांत अटकेच्या जोडीला दुसरी शिक्षा होती: उत्तर न देणाऱ्या वादीचा दावा फेटाळायचा, प्रतिवादीचा बचाव काढून टाकायचा. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ११, नियम २१ याच परंपरेतला.

अमेरिकेने १९३८ च्या संघीय नियमांत याच्या पायऱ्या केल्या. नियम ३७ प्रमाणे आधी उत्तर देण्याचा आदेश मागायचा. अर्जाचा खर्च सहसा हरणाऱ्यावर पडतो. आदेशही मोडला, तर मात्र दावा जाऊ शकतो.

पण खरंच जातो का? १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नॅशनल हॉकी लीगविरुद्धचा मक्तेदारीचा दावा आला. वादींनी महत्त्वाच्या प्रश्नांना सतरा महिने नीट उत्तरं दिली नव्हती. मुदतवाढीवर मुदतवाढ घेतली होती. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला, अपील न्यायालयाने तो वाचवला. सर्वोच्च न्यायालयाने फेटाळणीच कायम केली. का? तर शिक्षा केवळ या वादींसाठी नाही, उद्याच्या पक्षकारांनाही वचक हवा.

त्याच वर्षी आपल्याकडे उलट बाजूची काळजी घेतली गेली. १९७६ च्या दुरुस्तीने नियम २१ मध्ये आधी नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी आली. १९७८ मध्ये बब्बर सिलाई मशीन कंपनीच्या खटल्यात आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही शिक्षा अत्यंत कठोर आहे. जाणूनबुजून टाळाटाळ दिसली तरच द्यावी.

यातलं कोणतं बरोबर? माझ्या मते दोन्ही. वचक नसेल तर पैसेवाला पक्ष नुसत्या विलंबाने गरिबाला थकवतो. संधी नसेल तर वकिलाच्या एका चुकीपायी अशिलाचं घर जातं. म्हणून पायऱ्या हव्यात: स्मरणपत्र, अर्ज, आदेश, खर्च आणि सर्वात शेवटी दावा. पण पायऱ्या चढायच्या असतात, हेही न्यायालयांनी विसरता कामा नये. तिसरी, चौथी मुदतवाढ देणं म्हणजे दया नव्हे. तो दुसऱ्या पक्षावर केलेला अन्याय असतो.