एसपी साहेबांचं आयरिश कूळ

पुणे शहराला पोलीस आयुक्त आहेत आणि पुणे ग्रामीणला पोलीस अधीक्षक. शहरात जमावबंदीचा आदेश आयुक्त स्वतः काढतात. जुन्नरला किंवा भोरला तो जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. वर्दी एक, कायदा एक, मग एवढा फरक का? कारण ही दोन पदं मुळात एका घराण्यातली नाहीत. आयुक्तांचं मूळ लंडनमध्ये सापडतं. अधीक्षकांचं शोधायचं तर आयर्लंडपर्यंत जावं लागतं, आणि वाट सिंधमधून जाते.

लंडनची मेट्रोपॉलिटन पोलीस 1829 साली रॉबर्ट पील यांनी उभी केली. निळा कोट, हातात लाकडी दंडुका, बंदूक नाही. सैन्य रस्त्यावर उतरलेलं इंग्रज माणसाला खपत नसे, म्हणून पोलीस सैनिकासारखा दिसूच नये याची काळजी घेतली गेली. पण याच पील यांनी त्याआधी आयर्लंडचे मुख्य सचिव असताना, 1814 मध्ये, तिथे वेगळंच दल काढलं होतं. त्या परंपरेतून 1836 साली आयरिश कॉन्स्टेब्युलरी तयार झाली. तिची वर्दी गडद हिरवी, खांद्यावर कार्बाइन, आणि मुक्काम गावोगावच्या बराकीत. शिपायाला स्वतःच्या परगण्यात नेमत नसत, म्हणजे त्याची गावकऱ्यांशी जवळीक होऊ नये. सगळे हुकूम डब्लिनहून सुटत. एकट्या डब्लिन शहराला मात्र लंडनच्या धर्तीचं, बिनबंदुकीचं वेगळं दल होतं. राजधानीसाठी एक पोलीस आणि जिंकलेल्या मुलखासाठी दुसरा, ही विभागणी पुढे आपल्याकडेही जशीच्या तशी आली.

त्यातला मुलखाचा साचा आणणारा माणूस म्हणजे ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर. त्याचं बालपण किल्डेअर परगण्यातल्या सेलब्रिज गावी गेलं. 1798 चं आयरिश बंड त्याने पोरवयात घराच्या खिडकीतून पाहिलं म्हणायला हरकत नाही. त्याच्या वडिलांनी तेव्हा घरातल्यांच्या हाती शस्त्रं देऊन वाडा लढवायची तयारी केली होती. 1843 मध्ये मियाणीची लढाई जिंकून त्याने सिंध घेतला. नव्या मुलखात रोजचा बंदोबस्त फौजेकडे ठेवला तर फौज विखुरते, आणि महसूल गोळा करणाऱ्यांकडे दिला तर त्यांना सवड नसते. नेपियरने तिसरा मार्ग काढला. पोलिसांचं दल वेगळं केलं, त्याला स्वतःचे अधिकारी दिले, शहरी, ग्रामीण आणि घोडेस्वार अशा शाखा पाडल्या. नमुना आयरिश कॉन्स्टेब्युलरीचा होता.

1847 साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्याच सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क तिथे गेले आणि ही व्यवस्था पाहून प्रभावित झाले. 1853 मध्ये, लॉर्ड फॉकलंड यांच्या कारकिर्दीत, ती मुंबई इलाख्यात लागू झाली: प्रत्येक जिल्ह्याला एक पोलीस सुपरिंटेंडेंट. आज आपण ज्यांना एसपी साहेब म्हणतो त्यांची खुर्ची ही. म्हणजे सातारा, नगर, धारवाडला ही व्यवस्था 1857 च्या उठावाआधीच पोचली होती. उठावानंतर नेमलेल्या पोलीस आयोगाच्या शिफारशींवरून 1861 चा कायदा झाला आणि तोच साचा बहुतेक देशावर बसला. मुंबई इलाख्याने आपला वेगळा कायदा ठेवला. 1890 चा जिल्हा पोलीस कायदा त्यातलाच. शहराची वाट निराळी राहिली. 1864 मध्ये फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले, ते लंडनच्या धर्तीवर.

या सुपरिंटेंडेंटच्या आधी गावात कोणी राखण करत नव्हतं असं मुळीच नाही. पाटील होता, जागल्या होता, कित्येक ठिकाणी रामोशी होते, पेशव्यांच्या पुण्यात कोतवाल होता. गावच्या राखणदारांचं उत्तरदायित्व गावाशी होतं. चोरी झाली तर माग काढून द्यायचा, नाहीतर भरपाई द्यायची. नव्या व्यवस्थेने त्यातला पाटील ठेवला. 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याला सरकारी चौकटीत बसवलं, आणि 1967 च्या महाराष्ट्राच्या कायद्यातूनही पोलीस पाटील टिकून आहे. मला वाटतं, साऱ्या पोलीस यंत्रणेत गावाकडून वर जाणारी तेवढी एकच पायरी उरली. बाकीचा जिना वरून खाली उतरतो: महासंचालक, परिक्षेत्राचे विशेष महानिरीक्षक, जिल्ह्याचे अधीक्षक, उपविभागाचे डीवायएसपी, ठाण्याचे निरीक्षक, ठाणे अंमलदार, आणि शेवटी बीट अंमलदार.

मूळ घरी, आयर्लंडमध्ये, पुढे काय झालं ते आपण फारसं सांगत नाही, आणि ते सांगायलाच हवं. सत्ता हाती येताच आयरिश नेत्यांनी 1922 च्या फेब्रुवारीत नवं दल उभारायला घेतलं आणि ऑगस्टपर्यंत जुनी कॉन्स्टेब्युलरी विसर्जित झाली. काम सोपं नव्हतं. जुन्या दलातले अधिकारी वरच्या जागांवर बसवले म्हणून मे महिन्यात किल्डेअरच्या छावणीत नव्या भरतीने बंड केलं. बाहेर यादवी पेटलेली होती. अशा वेळी, जेव्हा कोणतंही सरकार जास्त बंदुका मागेल तेव्हा, त्यांनी पोलिसांच्या हातातून बंदूक काढून घेतली. 1923 मध्ये दलाला गार्दा शीखाना, म्हणजे शांततेचे रक्षक, हे नाव मिळालं. 1925 मध्ये डब्लिनचं वेगळं दलही त्यात मिसळलं, आणि शहर-मुलूख हा भेद संपला. एककेंद्री रचना त्यांनी ठेवली, मुख्यालय डब्लिनच्या फिनिक्स पार्कात आहे, आणि बहुतेक गणवेशधारी गार्दा आजही निःशस्त्र फिरतात. तिथे मदत मागायची तर 999 किंवा 112.

आपण उलट केलं. पोलीस हा विषय घटनेने राज्यांकडे दिला, त्यामुळे सगळ्या देशाचं मिळून एक पोलीस दल नाही. आयपीएस अधिकारी तेवढे अखिल भारतीय. पण जिल्ह्याचा साचा तसाच राहिला. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यानेही, जो आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, अधीक्षकांना जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखालीच ठेवलं. 2006 साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना राजकीय दबावापासून मोकळं करण्याचे आदेश दिले. त्यांची पुरती अंमलबजावणी अजून व्हायची आहे. ठाण्याची पायरी चढताना साध्या माणसाच्या छातीत जी धडधड होते, ती त्याच्या भित्रेपणातून येत नाही. जी इमारत मुळात मुलखावर नजर ठेवायला बांधली, तिच्या दारात उभं राहिल्याची ती धडधड आहे.

म्हणून दार कुठून उघडतं हे प्रत्येकाला ठाऊक हवं. तातडीच्या वेळी आपल्याकडेही आता 112. फोन राज्याच्या केंद्रात लागतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा त्या हद्दीत घडलेला असो वा नसो. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आणि ठाण्याने खबर लिहून घ्यायला नकार दिला, तर ती टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तपास करणं किंवा करवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.